गुहेतला गारठा आणि तंबूतली शेगडी

जुलैमधला शनिवार. दुपारच्या कसारा लोकलमधून आसनगाव स्थानकावर पाठीवर सॅक घेतलेली पोरे-पोरी उतरतात. रिक्षा ठरते, माहुली गावात चहा होतो आणि पावसातच चढाई सुरू होते. वाटेत प्रत्येक ओढ्यात भिजणे होते, धबधब्याखाली फोटो होतात. माथ्याजवळची लोखंडी शिडी चढून वर पोहोचेपर्यंत अंधारून आलेले असते. मग पहारेकऱ्यांच्या जुन्या देवडीत किंवा कुठल्याशा आडोशाला सगळे दाटीवाटीने बसतात. शहापूरच्या माहुलीवर जे दिसते, तेच मुरबाडच्या गोरखगडावरच्या कोरीव गुहेत आणि नाणेघाटातही दिसते. पाचसहा मित्र, छोटासा निवारा, बाहेर धो धो पाऊस. वर्षभर आठवण निघावी अशी रात्र.

अशा रात्री बहुतेक वेळा काही वाईट होत नाही. पण गटातला एखादा, जो दुपारभर सर्वांत जास्त बडबड करत होता, तो हळूहळू गप्प होतो. कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसतो. ओले कपडे बदलायचा त्याला कंटाळा येतो. ‘काय रे, ठीक आहेस ना?’ असे विचारले तर ‘हो, जरा दमलोय’ म्हणतो. मित्र म्हणतात, झोपू दे त्याला. नेमके हेच वाक्य धोक्याचे ठरू शकते.

आणि त्याच रात्री दुसरी एक कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येते. ‘गारठा फारच आहे, स्टोव्ह तंबूत घेऊ या का?’ हे वाक्य पहिल्यापेक्षाही धोक्याचे आहे.

डोंगरातल्या छोट्या निवाऱ्यात माणसाला दोन गोष्टी हव्या असतात, ऊब आणि हवा. ऊब हवी म्हणून सगळी दारे बंद केली तर हवा बिघडते. हवा हवी म्हणून उघडे ठेवले तर वारा आत येतो. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे बर्फात तंबू ठोकणाऱ्यांना शिकवले जाते. सह्याद्रीत मात्र ‘इथे कुठे बर्फ पडतो’ म्हणून कुणी शिकत नाही.

बर्फाशिवायची थंडी

माणसाच्या शरीराचे आतले तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच हिमालय उभा राहतो. प्रत्यक्षात हायपोथर्मियासाठी बर्फ लागत नाही. शरीर जितकी उष्णता तयार करते, त्यापेक्षा जास्त उष्णता बराच वेळ बाहेर जात राहिली की पुरे. हवेचे तापमान १५-१८ अंश असतानाही हे होऊ शकते, अट एवढीच की माणूस ओला असावा, वारा असावा आणि तो दमलेला व उपाशी असावा. पावसाळी ट्रेकच्या संध्याकाळी या सगळ्या गोष्टी एकत्र जमतात.

उंचीमुळे पडणारा फरक खरे तर छोटा आहे. हजार मीटर वर गेले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. माहुली समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर, म्हणजे आसनगावात २५ अंश असतील तर माथ्यावर २० च्या आसपास. एवढ्याने कुणी गारठत नाही. खरा फरक पाणी आणि वारा पाडतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कोरडा शर्ट ऊब देतो, कारण त्याच्या धाग्यांमध्ये हवा अडकलेली असते. शर्ट भिजला की त्या हवेची जागा पाणी घेते आणि तोच शर्ट अंगातली उष्णता बाहेर काढू लागतो. त्यावर वारा आला की पाण्याची वाफ होते. ही वाफ होण्यासाठी लागणारी उष्णताही शरीरच पुरवते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ओल्या जीन्समधला माणूस गार होतो.

हे सारे इंग्लंडमधल्या एका दुर्घटनेने जगासमोर आणले. मार्च १९६४ मध्ये डर्बीशायरच्या टेकड्यांवर ‘फोर इन्स वॉक’ नावाची लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा होती. भाग घेणारे तरुण आणि धडधाकट होते. तापमान गोठणबिंदूच्या वरच होते, पण पाऊस आणि वारा थांबत नव्हता. बहुतेकांना चाल अर्धवट सोडावी लागली आणि तिघांचा थंडीने मृत्यू झाला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेल्या ग्रिफिथ प्यू यांनी या घटनेचा अभ्यास केला. भिजलेले कपडे आणि वारा एकत्र आले की कपड्यांची ऊब धरण्याची ताकद बव्हंशी संपते, आणि माणूस दमून त्याचा वेग मंदावला की शरीर ती तूट भरून काढू शकत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. चालत असेपर्यंत स्नायू उष्णता देतात. थांबल्यावर ती भट्टी विझते. म्हणून धोका चढताना कमी आणि मुक्कामाला पोहोचल्यावर जास्त असतो.

इतक्या लांबचे उदाहरण कशाला, असे वाटत असेल तर मुरबाडहून माळशेज घाट चढून गेल्यावर पलीकडे उभा असलेला हरिश्चंद्रगड आठवावा. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेला सहा जणांचा गट तिथे पावसात आणि धुक्यात वाट चुकला. रात्र उघड्यावर काढावी लागली. त्यांतल्या एकाचा गारठून मृत्यू झाला. तिथे बर्फाचा कणही नव्हता.

आधी गारठतो तो विवेक

थंडी वाढू लागली की शरीर पहिल्यांदा कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून घेते. हातपाय गार पडले तरी चालतील, हृदय आणि मेंदू उबदार राहिले पाहिजेत, असा हा हिशेब असतो. मग हुडहुडी भरते. कुडकुडणे हा रोग नव्हे, उपाय आहे. स्नायूंच्या त्या थरथरीतून शरीर नेहमीच्या चारपाच पट उष्णता तयार करू शकते. पण त्यासाठी इंधन लागते. सकाळी दोन वडापाव आणि नंतर फक्त चिप्स खाल्लेला माणूस फार वेळ कुडकुडू शकत नाही.

३५ ते ३२ अंशांपर्यंतचा हायपोथर्मिया सौम्य मानला जातो. माणूस जागा असतो, कुडकुडतो, बोलतो. ३२ च्या खाली शुद्ध हरपू लागते, कुडकुडणे कमी होत होत थांबते. २८ च्या खाली जीव धोक्यात असतो. हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात. म्हणजे कुडकुडणाऱ्या मित्राचे कुडकुडणे थांबले, पण अंग काही गरम झालेले नाही, तर ‘बरे झाले, थंडी गेली’ असे नसते. तेव्हा परिस्थिती बिघडलेली असते. शेवटच्या टप्प्यात तर काही जणांना उलट गरम होऊ लागल्यासारखे वाटते आणि ते अंगावरचे कपडे काढू लागतात.

सर्वांत घातक गोष्ट अशी की थंडी मेंदूच्या विचारशक्तीवर फार लवकर परिणाम करते. गारठलेल्याला आपण गारठलो आहोत हे कळतच नाही. सॅकमध्ये कोरडा स्वेटर असूनही तो काढत नाही. म्हणून त्याच्या ‘मी ठीक आहे’ या उत्तराला फारसा अर्थ नसतो. ओळखायचे काम सोबत्यांचे. त्यासाठी चार खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. चालताना अडखळणे, बोलताना पुटपुटणे, हाताने चाचपडणे आणि कारण नसताना कुरकुरणे. हसतमुख मित्र अचानक चिडचिडा झाला, बुटाची नाडी त्याला बांधता येईना, हातातली बाटली सुटू लागली, तर तो दमला आहे असे समजून सोडून देऊ नये.

तपासायची सोपी रीतही आहे. अंगठा करंगळीला टेकवायला सांगावे. टाचेला पाऊल लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगावे. शंभरातून सात वजा करत मागे यायला सांगावे. नेहमी जमणारी गोष्ट जमत नसेल तर शंका पक्की समजावी. ताप मोजायचा घरगुती थर्मामीटर इथे भरवशाचा नाही. तो इतके खालचे तापमान नीट दाखवण्यासाठी बनवलेलाच नसतो.

इरल्यातले विज्ञान

ज्या पावसात शहरातून आलेला गट गारठतो, त्याच पावसात शहापूर-मुरबाडच्या शेतांत माणसे दिवसभर वाकून भाताची लावणी करतात. चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभी असतात, तरी सहसा आजारी पडत नाहीत. याचे श्रेय नुसत्या सवयीला देऊन चालणार नाही.

बांबूच्या कामट्या आणि पानांपासून विणलेले इरले डोक्यावरून थेट कमरेखाली येते. वाकून काम करताना पाठ, मान आणि डोके त्याच्याखाली कोरडे राहते, आणि वारा पाठीला लागत नाही. शरीराचा जो भाग उबदार ठेवायला हवा, तोच झाकलेला असतो. इरले अंगाला चिकटत नाही, त्यामुळे आत हवा खेळती राहते आणि घामाने आतून भिजायला होत नाही. आज अनेक ठिकाणी इरल्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे, पण तत्त्व तेच आहे. शिवाय काम चालू असते, वेळेवर भाकरी खाल्ली जाते आणि संध्याकाळी कोरड्या घरात परतता येते.

घोंगडीचेही तसेच. मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषून घेऊ शकते, तरी हाताला फारशी ओली लागत नाही. भिजल्यावरही तिचे कुरळे तंतू एकमेकांना चिकटून चपटे होत नाहीत. त्यांच्यात हवा अडकून राहते. सुती कपड्याचे नेमके उलट होते. तो पाणी पितो, जड होतो, अंगाला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. जीन्स आणि सुती टी-शर्ट घालून पावसाळी मुक्कामाला जाणे म्हणजे थंडीला आमंत्रण. लोकरीचा जुना स्वेटर किंवा लवकर वाळणारा सिंथेटिक टी-शर्ट बरा.

तिसरी गोष्ट अंथरुणाची. गुहेतला दगड रात्रभर अंगातली उष्णता शोषत राहतो. वरून दोन चादरी घेण्यापेक्षा खाली एक जाड मॅट घालणे अधिक उपयोगी ठरते, कारण अंगाखाली दबलेल्या चादरीतली हवा निघून जाते. गावात पेंढ्यावर झोपणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. मॅट नसेल तर रिकाम्या सॅक, दोर, कोरडे गवत, जे मिळेल ते खाली घालावे.

चार माणसे, एक तंबू

आता निवाऱ्याच्या हवेकडे येऊ. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. चौघे एका तंबूत झोपले तर ती ३०० वॉटच्या आसपास जाते. जुन्या ६० वॉटच्या पाच बल्बांइतकी. त्यामुळे दाटीने झोपलेल्यांचा तंबू एकट्याच्या तंबूपेक्षा उबदार असतो. मित्रांनी पाठीला पाठ लावून झोपण्यात गैर काही नाही, शहाणपणच आहे.

पण उबेबरोबर आणखी दोन गोष्टी जमा होतात. पहिली ओल. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतो. चौघांचे मिळून लिटरभर तरी होते. तंबू सगळीकडून घट्ट बंद केला की ही वाफ थंड कापडाला लागून थेंब होते आणि पहाटे अंगावर टपकू लागते. ‘तंबू गळतोय’ अशी तक्रार करणारे बरेच जण स्वतःच्याच श्वासाने भिजलेले असतात.

दुसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइड. झोपलेला माणूस तासाला १२ ते १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. छोट्या तंबूत तीन हजार लिटर हवा मावते असे धरले आणि तो पूर्ण हवाबंद आहे असे मानले, तर चार माणसे तासाभरात त्याचे प्रमाण दीड-दोन टक्क्यांवर नेतील. एरवी हवेत ते सुमारे ०.०४ टक्के असते. प्रत्यक्षात कापडी तंबू इतका हवाबंद कधीच नसतो, त्यामुळे नुसत्या श्वासाने कुणाचा जीव जाण्याची वेळ सहसा येत नाही. पण वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला, खालच्या कडा मातीने लिंपलेला तंबू असेल तर सकाळी डोके जड होणे, झोप न लागणे हे ठरलेले. म्हणून तंबूच्या वरच्या जाळीची खिडकी आणि दाराची खालची फट थोडी उघडी ठेवायची, तीही वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची. खालून हवा आत येते, वरून बाहेर जाते.

न दिसणारा, वास नसलेला

खरा घात होतो तो आत काही जाळल्यावर. लाकूड, कोळसा, रॉकेल, गॅस यांपैकी काहीही पुरेशा हवेशिवाय जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. म्हणजे फुप्फुसांत हवा जात राहते, श्वास चालू असतो, पण रक्तातल्या जागा अडलेल्या असतात आणि मेंदूपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. हवेत त्याचे प्रमाण ०.१६ टक्के झाले तरी वीसेक मिनिटांत डोके दुखून गरगरू लागते आणि एकदोन तासांत मृत्यू येऊ शकतो.

सर्वांत फसवे असतात ते निखारे. धूर नाही, ज्वाळा नाही, म्हणून ते सुरक्षित वाटतात. हिवाळ्यात सह्याद्रीत मुक्काम करणारे बाहेर शेकोटी पेटवतात. जानेवारीच्या पहिल्या रात्री मुरबाडच्या सिद्धगडाच्या पायथ्याशी कडाक्याची थंडी असते. २ जानेवारी १९४३ रोजी तिथे हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना देण्यासाठी दरवर्षी माणसे तिथे जमतात. निरभ्र रात्री डोंगरउतारावरची थंड हवा घसरून दरीत साचते, त्यामुळे तळाशीही चांगलेच कुडकुडायला होते. वन विभागाची परवानगी असेल त्या जागी, उघड्यावर केलेल्या शेकोटीला शेकणे वेगळे. पण शेकोटी विझत आल्यावर उरलेले निखारे घमेल्यात भरून तंबूत किंवा गाडीत घेतले, की ती ऊब शेवटची ठरू शकते. उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात येतात.

यावर एक प्रश्न नेहमी येतो. गावातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चूल आतच पेटते, त्यांना काही होत नाही ते कसे? उत्तर घराच्या बांधणीत आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि कौलांचे छप्पर यांमध्ये फटी असतात, कौलांतून धूर बाहेर झिरपतो, छप्पर उंच असते. वायू साचून राहत नाही. चुलीच्या धुराने फुप्फुसांचे आणि डोळ्यांचे नुकसान होतेच, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे. पण एका रात्रीत जीव घेण्याइतका कार्बन मोनॉक्साइड तिथे सहसा जमत नाही. नायलॉनच्या तंबूला कौले नसतात. उघड्या तोंडाच्या गुहेतही पावसापासून आडोसा म्हणून प्लॅस्टिकचा पडदा लावून आत चूल पेटवली तर ती गुहा राहत नाही, बंद खोली होते.

या विषबाधेची लक्षणेही फसवतात. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, पायांतली शक्ती गेल्यासारखे वाटणे. दिवसभर चाललेल्या माणसाला ते दमल्याचे वाटते, उंच पर्वतात ते विरळ हवेचे वाटते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे दगा देतो. तो कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखू शकत नाही आणि आकडा चांगलाच दाखवतो. ओळखायची सर्वांत मोठी खूण म्हणजे एकाच निवाऱ्यातल्या एकापेक्षा जास्त जणांचे एकाच वेळी डोके दुखू लागणे.

अमेरिकी नौदल अधिकारी आणि संशोधक रिचर्ड बर्ड १९३४ मध्ये अंटार्क्टिकावर बर्फात गाडलेल्या एका झोपडीत हिवाळाभर एकटे राहिले. स्टोव्ह आणि रेडिओचा जनरेटर यांच्या धुराने त्यांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा होऊ लागली. आपण आजारी आहोत हे त्यांनी तळावर कळवले नाही. पण त्यांच्या संदेशांत गडबड होऊ लागली, आणि दूरच्या तळावरच्या सहकाऱ्यांनी त्यावरून ओळखले की काहीतरी बिघडले आहे. ऑगस्टमध्ये तिघे जण अंधाऱ्या हिवाळ्यातून त्यांच्यापर्यंत पोहोचले. बर्ड वाचले.

बर्फात गेल्यावर

अलीकडे ठाणे, कल्याण, शहापूरकडची अनेक तरुण मंडळी हिवाळ्यात उत्तराखंडमधल्या केदारकांठासारख्या बर्फाळ ट्रेकला जातात. तिथे गेल्यावर गंमत वाटते ती अशी, की शून्याखालच्या कोरड्या थंडीतला तंबू कधी कधी माहुलीवरच्या १८ अंशांतल्या ओल्या रात्रीपेक्षा सुखाचा असतो. बर्फ झटकता येतो, पाऊस झटकता येत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच असते, म्हणून तो चांगला उष्णतारोधक असतो. बर्फात कोरलेल्या गुहेत बाहेर उणे वीस असले तरी आत तापमान शून्याच्या आसपास टिकते.

पण नियम तोच. बर्फाच्या गुहेला वर हवेसाठी भोक ठेवतात आणि बर्फ पडून ते बुजू नये म्हणून त्यात काठी खोचून ठेवतात. रात्रीत बर्फ पडला तर तंबूच्या झरोक्यांवर आणि कडांवर साचलेला बर्फ मध्येच उठून बाजूला करावा लागतो, नाहीतर तंबू हवाबंद होतो. स्वयंपाक बाहेर किंवा दार उघडे असलेल्या पडवीत करतात. गार पाण्याचे किंवा बर्फाचे मोठे भांडे ज्योतीवर अगदी टेकवले की ज्योत थंड होते, ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. निळी ज्योत पिवळी होऊ लागली तर तो इशारा समजावा.

मुक्कामी पोहोचल्यावर

चांगली बातमी अशी की यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी टाळता येतात, आणि त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. निघण्यापूर्वी मुक्कामाला वन विभागाची परवानगी आहे का, पावसाळ्यातली मनाई लागू आहे का, हे पाहावे. माहुली तानसा अभयारण्याच्या परिसरात येतो, तिथे हे विशेष महत्त्वाचे. झोपायचे कपडे दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून सॅकच्या आत ठेवावेत आणि वाटेत काहीही झाले तरी ते बाहेर काढू नयेत. पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सर्वांनी ओले कपडे बदलावेत. फोटो, गप्पा, स्वयंपाक नंतर. टोपी आणि मोजे घालावेत, काही गोड खावे. झोपण्यापूर्वी पोट भरलेले असावे. दारू टाळावी. तिने अंग गरम झाल्यासारखे वाटते, कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात. पण त्याच वाटेने आतली उष्णता निघून जाते, कुडकुडणे कमी होते आणि उरलासुरला विचारही जातो.

एखादा गारठलाच, तर त्याला वाऱ्यापासून आडोशाला आणावे. ओले कपडे काढून अंग हलकेच टिपावे, कोरडे कपडे घालावेत. खाली मॅट, वर जे असेल ते पांघरूण आणि सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचा कागद किंवा पोंचो; तोंड मात्र उघडे. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवाव्यात. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गोड, गरम चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, आगीपुढे बसवू नये, जबरदस्तीने चालवू नये. बोलणे अस्पष्ट झाले असेल किंवा कुडकुडणे थांबले असेल तर आडवे ठेवावे आणि अगदी सावकाश हलवावे. अशा वेळी धसमुसळेपणाने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. श्वास फार मंद आणि नाडी सापडत नाही, एवढ्यावरून ‘गेला’ असे ठरवू नये. अशी माणसे उपचारांनी परतल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात आहेत.

विषारी वायूची शंका आली तर आधी सगळ्यांना, झोपलेल्यांनाही उठवून उघड्यावर आणावे. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा कमी व्हायला चारपाच तास लागतात, तर मास्कने दिलेल्या शुद्ध प्राणवायूने साधारण तास-दीड तासात तेवढा कमी होतो. म्हणून बरे वाटले तरी दवाखाना टाळू नये. १०८ किंवा ११२ ला फोन करावा. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय ही जवळची ठिकाणे. तिथे ‘आत शेगडी होती’ हे पहिल्या वाक्यात सांगावे, कारण ते सांगितल्याशिवाय निदान चुकू शकते. वर रेंज नसते, म्हणून पायथ्याच्या गावात कुणाला तरी गटाची संख्या आणि परतायची वेळ सांगून ठेवावी. अशा वेळी सर्वांत आधी मदतीला धावतात ती त्याच गावातली माणसे.

थंडी आणि विषारी वायू, दोन्हींचे एक साम्य आहे. ज्याला त्यांची बाधा होते, त्याला ती शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून डोंगरातल्या रात्रीचा एक साधा रिवाज पाडून घेता येतो. झोपण्यापूर्वी प्रत्येकाने शेजारच्याकडे टॉर्चच्या उजेडात एकदा नीट बघायचे, त्याच्याशी दोन वाक्ये बोलायची, हात कोरडे आहेत का ते पाहायचे. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मित्राला शंभरातून सात वजा करायला लावायचे. तो चिडला, शिव्या देत का होईना पण बरोबर ९३, ८६, ७९ म्हणाला, तर हसून झोपायला हरकत नाही. ८६ वरच अडखळला, तर मात्र सगळ्यांनी उठायचे.